खोटा धीर

दुखणाइतास धीर देणें ही विद्या माणसास उपजतच येते, अशी आम्हां मध्यमवर्गीय लोकांची एक ठाम समजूत आहे. पोहावयास शिकावें लागतें, पेटी वाजविण्यास शिकावें लागतें, आमटीस फोडणी देण्याससुद्धां कोणाच्या तरी हाताखालीं उमेदवारी करावी लागते. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसून "कांहीं होत नाहीं, सारें ठीक होईल" असें म्हणण्याचें शिक्षण कोणी कोणापासून घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. आम्हीही स्वतःस या विद्येंत पारंगत समजत होतों. साताऱ्यांतील एका शाळेंत तीस वर्षें मराठी शिकविल्यामुळें शब्दांची वाण आम्हांस कधीं पडली नाहीं, आणि आप्तेष्टांपैकीं कोणी अंथरुणास खिळलें कीं त्यास धीर देण्याचें काम बहुधा आमच्याकडेच सोंपविलें जाई. अशा आमची, साठी उलटल्यावर, एका सोळा वर्षांच्या मुलीनें या विषयांत परीक्षा घेतली आणि आम्हांस साफ नापास केलें. त्या परीक्षेची हकीकत सांगण्यांत आम्हांस कांहीं भूषण नाहीं. परंतु आमच्यासारखे नापास होणारे घरोघरीं असतील असा आम्हांस दाट संशय आहे, म्हणून ती सांगत आहों.

ही मुलगी म्हणजे आमची भाची. आमची धाकटी बहीण सांगलीस दिलेली. साताऱ्याजवळ माहुलीवरून वाहणारी कृष्णा खालीं सांगलीस जाते. तिच्याच वाटेनें आमच्या घरचे कंदी पेढे खालीं जात आणि सांगलीचें भडंग वर येई. भाची अकरावीच्या वर्गांत गेली त्या पावसाळ्यांत तिला थकवा जाणवूं लागला. जिना चढतांना दम लागे, तिन्हीसांजेस बारीक ताप येई, पायांवर कांहीं न लागतांच काळेनिळे डाग उमटत. अभ्यासाचा ताण, कॉलेजची दगदग, खाण्यापिण्याची हेळसांड, अशीं नाना कारणें घरांतल्या वडील माणसांनीं शोधून काढलीं. शेवटीं हिरड्यांतून रक्त येऊं लागलें तेव्हां रक्त तपासलें, मिरजेस अस्थिमज्जेची तपासणी झाली, आणि निदान हातीं आलें : ॲक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. रोग बरा होण्याजोगा आहे, परंतु उपचार दोन-अडीच वर्षें चालेल आणि तो तत्काळ सुरू केला पाहिजे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. मुंबईस एक जवळचे आप्त असल्यामुळें तेथें न्यावयाचें ठरलें.

निदान कळतांच आम्ही सांगलीस धांवलों. त्या रात्रीं मुलगी निजल्यावर माजघरांत वडील माणसांची सभा भरली. कोणी रडत होतें, कोणी पैशांचा हिशेब मांडीत होतें. परंतु एका गोष्टीविषयीं सर्वांचें तत्काळ एकमत झालें. ती गोष्ट ही कीं, पोरीला कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं. कोंवळें मन, खचून जाईल. औषध लागूं पडणार नाहीं. तेव्हां तो शब्द घरांत कोणीं उच्चारावयाचा नाहीं, शेजारीं टायफॉइड म्हणून सांगावयाचें, आणि मुलीची समजूत घालण्याचें काम मामांनीं करावयाचें. मामांनीं तें केलें. रक्तांत थोडा दोष उत्पन्न झाला आहे, कांहीं महिने सुया घ्याव्या लागतील, मुंबईचे डॉक्टर मोठे हुषार आहेत, इत्यादि एक सुबक कथा आम्हीं सकाळीं तिच्यापुढें मांडली. तिनें ती शांतपणें ऐकून घेतली व एकही प्रश्न विचारला नाहीं. आमच्या कथनशैलीचाच हा प्रभाव, असें त्या वेळीं आम्हांस वाटलें.

कपडे व पैसे घेण्यासाठीं आम्ही साताऱ्यास परतलों आणि दोन दिवसांनीं त्या मंडळींस महालक्ष्मी एक्सप्रेसमध्यें गांठलें. ही गाडी कोल्हापुराहून रात्रीं निघते, मिरज-सांगली करीत मध्यरात्रीच्या सुमारास साताऱ्यास येते आणि सकाळीं मुंबईस पोहोंचते. तिनें आम्ही आजवर अनेकदां प्रवास केला होता. परंतु क्ष-किरण चित्रांचीं मोठीं पाकिटें आणि तपासण्यांच्या कागदांनीं फुगलेल्या पिशव्या उशाशीं घेऊन निजलेलीं इतकीं माणसें तिच्या डब्यांत असतात, हें आम्हीं त्या रात्रीं प्रथम पाहिलें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानेंच वारल्या, त्यांचे पति सर दोराबजी १९३२ सालीं गेले, आणि त्यांच्या नांवच्या विश्वस्त निधींतून हें रुग्णालय उभें राहिलें. आज मिरजेस सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय आहे, साताऱ्याजवळही या रोगावर उपचार होतात. तरी कृष्णाकांठच्या माणसांची मुंबईची वाट अजून पुरती बंद झालेली नाहीं. भाची वरच्या फळीवर जागीच होती. तिनें हळूच विचारलें, "मामा, हे एवढे लोक मुंबईला कशाला चाललेत?" आम्हीं सांगितलें, "नोकरीधंद्याला." तिनें कूस बदलली.

मुंबईस पोहोंचल्यावर आम्हीं जे प्रकार केले त्यांचें आज हसूं येतें. रुग्णालयाच्या दारावरील पाटी तिला दिसूं नये म्हणून आम्ही तिच्या आणि पाटीच्या मध्यें छत्री उघडून चाललों. आकाशांत ढगही नव्हता. कागदांवरचें नांव झांकण्यासाठीं आमच्या बहिणीनें फाइलीस वर्तमानपत्राचें वेष्टण घातलें. वर्तमानपत्राच्या त्या तुकड्यावर कर्करोगाच्या औषधाची जाहिरात होती, हें आमच्या फार उशिरां लक्षांत आलें. आणि ही सारी दक्षता कोणापासून? जिच्या हातांतल्या फोनमध्यें सर्व जगाचे ज्ञानकोश भरलेले आहेत, जी सलाइनच्या बाटलीवरचें औषधाचें नांव एकदां वाचून दुसऱ्या क्षणीं त्याचा गुणधर्म काढूं शकते, अशा मुलीपासून! तिला सांगलीसच सर्व कळलेलें होतें. रक्ताच्या तपासणीचा कागद आमच्या आधीं तिनेंच वाचला होता.

केस गळाले. तोंड आंतून सोलून निघालें. आम्हीं साताऱ्याहून आणलेला कंदी पेढा तिनें एकदां जिभेस लावून बाजूस ठेवला, आणि बाहेरचें कांहीं देऊं नका म्हणून परिचारिकेनें आमची कानउघाडणी केली ती वेगळीच. पहिल्या महिन्यानंतर रोज रुग्णालयांत राहण्याची गरज उरली नाहीं, म्हणून आम्ही एका धर्मशाळेंत उतरलों. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा गरीब रोग्यांचा केवढा आधार आहे हें अनेकांस ठाऊक असेल. तशाच एका जागेंत आमचे सात-आठ महिने गेले. तेथें भाचीस एक सोबती मिळाला. हा अठरा वर्षांचा मुलगा वाई तालुक्यांतला. सैन्यांत भरती होण्यासाठीं रोज पहांटे डोंगराच्या वाटेनें धांवण्याचा सराव करी. गुडघा दुखूं लागला तेव्हां धांवण्यानें लचकला असेल म्हणून त्यानें लेप लावले. तो निघाला हाडाचा कर्करोग. वाढत्या वयाच्या मुलांमध्यें गुडघ्याजवळच्या हाडास होणारा हा रोग पुष्कळदां असाच खेळांतली इजा समजून अंगावर काढला जातो. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, कुबड्या घेऊन तो चाले, आणि संध्याकाळीं ओसरीवर बसून दोघें तासन्‌तास बोलत. काय बोलत, हें आम्हांस ठाऊक नाहीं. आम्ही जवळ गेलों कीं क्रिकेटच्या गप्पा सुरू होत. एवढें मात्र आमच्या नजरेस आलें कीं, आमच्याजवळ बसली असतां दुखणाईत दिसणारी ही मुलगी त्याच्याजवळ बसली असतां नुसती मुलगी दिसे.

सातव्या महिन्यांत त्याचा रोग फुप्फुसांत पसरला. त्याचे आईबाप त्याला गांवीं घेऊन गेले आणि तीन आठवड्यांनीं तो वारला. त्याच्या वडिलांनीं आम्हांस फोन केला. दुसऱ्या दिवशीं भाचीनें विचारलें, "मामा, त्याचें कांहीं कळलें का?" आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, "चांगला आहे. घरचें दूध-तूप खातो आहे. तुला आठवण सांगितली आहे." त्या शेवटच्या वाक्याबद्दल आम्हीं स्वतःस अद्याप क्षमा केलेली नाहीं.

यानंतर बारा दिवसांनीं आमची बहीण उशीचे अभ्रे धुवावयास काढीत असतां त्यांतून फिकट पिवळ्या रंगाच्या लहान गोळ्या खालीं सांडल्या. आम्हीं त्या मोजल्या. अकरा होत्या. रोज रात्रीं घ्यावयाची ती गोळी होती, आणि अकरा रात्रीं तिनें ती घेतल्याचें सोंग करून उशींत टाकली होती. आमच्या अंगाचा तिळपापड झाला. घरदार सोडून आम्ही येथें पडलों आहों, आईनें दागिने विकले आहेत, आणि ही गोळ्या टाकते! आम्हीं आवाज चढवून विचारलें, "तूं तर रोज सांगत होतीस कीं गोळी घेतली!" तिनें आमच्याकडे पाहिलें. तिला राग आलेला नव्हता, रडूंही आलें नव्हतें. ती म्हणाली, "तुम्हीं मला सांगितलेंत कीं तो दूध-तूप खातोय. मीं तुम्हांला सांगितलें कीं गोळी घेतली."

त्याच्या बहिणीनें तिला ती बातमी त्याच रात्रीं कळविली होती. दुसऱ्या दिवशींचा तिचा प्रश्न माहितीसाठीं नव्हताच. आम्ही काय उत्तर देतों हें तिला पाहावयाचें होतें.

रुग्णालयांत एक समाजसेविका होत्या. त्यांनीं मुलीशीं एकटीशीं बोलण्याची परवानगी मागितली. घरच्यांपैकीं कोणी जवळ नसतांना तिला असा अर्धा तास सात महिन्यांत प्रथमच मिळाला. नंतर आम्ही आंत गेलों तेव्हां ती म्हणाली, "मामा, त्याच्याबद्दल तुम्ही मला सांगत नाहीं, म्हणजे उद्यां माझ्याबद्दलही मला कोणी खरें सांगणार नाहीं. मग डॉक्टर बरी होशील म्हणतात, तें तरी खरें कशावरून?" आणि थोड्या वेळानें, "मला सगळें पहिल्यापासून ठाऊक आहे. पण आईला सांगूं नका हं. मला ठाऊक आहे असें तिला कळलें तर तिला सोसणार नाहीं."

वाचकहो, या वाक्यापाशीं आमची विद्या संपली. आई मुलीसाठीं खोटें बोलत होती आणि मुलगी आईसाठीं. दोघी एकाच खोलींत, हातभर अंतरावर, एकच भीति उराशीं धरून रात्रीच्या रात्री जागत होत्या, आणि एकमेकींची झोंप मोडूं नये म्हणून निजल्याचें सोंग करीत होत्या. मध्यें ही भिंत बांधणारा गवंडी मामा. मुलीनें बजावलें होतें तरी त्या दिवशीं आम्हीं तिचें ऐकलें नाहीं. तिच्यासमक्षच बहिणीस म्हणालों, "हिला सर्व ठाऊक आहे." दोघी बराच वेळ रडल्या. रात्रीं आमची बहीण आठ महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोंपली, आणि भाचीनें आपल्या हातानें पाणी ओतून घेऊन गोळी घेतली.

पुढें आम्हीं या विषयावरचे कांहीं ग्रंथ व लेख चाळले. आमच्या माजघरांत भरलेली सभा जगभर भरत आलेली आहे, हें पाहून थोडेंसें समाधान आणि पुष्कळसा खेद वाटला. अमेरिकेंतील डॉक्टरांकडे केलेल्या एका चौकशीचे निष्कर्ष १९६१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत शेंकडा ९० डॉक्टरांनीं रोग्यास कर्करोगाचें निदान न सांगण्याकडे आपला कल असल्याचें सांगितलें. तशाच चौकशीचे निष्कर्ष १९७९ सालीं पुन्हां प्रसिद्ध झाले, तेव्हां सांगण्याकडे कल असलेले डॉक्टर शेंकडा ९७ झाले होते. अठरा वर्षांत एवढी उलथापालथ! मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानवशास्त्रज्ञ विदुषीनें ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांत दीर्घकाळ राहून १९७८ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या लहानग्यांनाही, कोणीं न सांगतां, आपला रोग काय आहे आणि आपण मरणार आहों हें कळलेलें असे. आणि आईबापांस दुःख होऊं नये म्हणून तीं मुलें आपल्याला कांहीं ठाऊक नसल्याचें दाखवीत. नऊ वर्षांच्या मुलास जें कळतें तें सोळा वर्षांच्या मुलीस छत्री धरल्यानें कळणार नाहीं, असें आम्हीं मानलें होतें! स्वीडन देशांत कर्करोगानें मूल गमावलेल्या आईबापांस अनेक वर्षांनीं विचारण्यांत आलें कीं, तुम्हीं मुलाशीं मृत्यूविषयीं बोललां होतां काय. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या उत्तरांचा हिशेब असा : जे १४७ जण बोलले होते त्यांपैकीं एकासही त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता, जे २५८ जण बोलले नव्हते त्यांपैकीं ६९ जणांस तो झाला होता.

कोणी म्हणेल कीं, हें पाश्चात्यांचें झालें. आपल्या घरचीं मनें निराळीं असतात. मनें निराळीं असतील, परंतु गोळ्या त्याच आहेत. या रोगांत रुग्णालयांतला कठीण काळ संपल्यावर दीड-दोन वर्षें घरीं रोज औषध घ्यावयाचें असतें, आणि तें वारंवार चुकलें तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. आपणांस फसविलें जात आहे असें ज्या तरुणास वाटतें तो ज्यांच्यावर विश्वास नाहीं त्यांच्या हातची गोळी किती दिवस घेईल? दुसरें एक उदाहरण घ्या. कर्करोगाच्या कांहीं औषधांमुळें पुढें अपत्य होण्यास अडचण येऊं शकते. वयांत आलेल्या मुलाचें बीज उपचारापूर्वीं शीतपेटींत राखून ठेवतां येतें, मुलींसाठींही कांहीं उपाय आहेत. पण ते उपचार सुरू होण्यापूर्वीं योजावे लागतात, आणि त्याविषयीं बोलणें लाजेचें समजून आपण गप्प बसलों तर त्या तरुणाच्या आयुष्यांतला एक निर्णय त्याला न विचारतां घेऊन मोकळे होतों. तात्पर्य, ही गोष्ट केवळ हळवेपणाची नाहीं. बॉस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरनें १९४८ सालीं ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांवर नव्या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १० मुलांस कांहीं काळ गुण आला, आणि तेथून या रोगाच्या औषधोपचारास सुरुवात झाली. आज पुढारलेल्या देशांत हा रोग झालेल्या दहांपैकीं सुमारें नऊ मुलें पांच वर्षांपलीकडे जगतात. हाच फार्बर आग्रहानें सांगत असे कीं, रोग्याच्या शरीराबरोबर त्याच्या मनाची आणि त्याच्या घरच्या माणसांची काळजी एकाच छपराखालीं घेतली पाहिजे. औषध शोधणाऱ्यास जें कळलें होतें तें धीर देणाऱ्या आम्हांस कळलें नाहीं.

मग खरें सांगितलें म्हणजे झालें काय? तसेंही नाहीं. सत्य सांगून खोलीबाहेर निघून जाणें हा धीर नव्हे. त्या समाजसेविकाबाईंनीं आम्हांस एक नियम घालून दिला : ती विचारील तेवढें सांगा, खरें सांगा, आणि सांगितल्यावर बसून राहा. पहिल्या दोन गोष्टी आम्हांस लवकर जमल्या. तिसरी फार जड गेली. आम्हां बोलक्या माणसांस गप्प बसून राहणें म्हणजे शिक्षाच!

शिवाय या वयाचें दुःख मोठ्या माणसांच्या दुःखाहून वेगळें असतें. अमेरिकेंत कर्करोगाच्या बाबतींत पंधरा ते एकोणचाळीस वर्षें वयाचा एक स्वतंत्र वर्ग मानतात. लहान मुलांच्या खोलींत भिंतीवर हत्ती-ससे रंगविलेले, तर मोठ्यांच्या खोलींत शेजारीं आजोबा कण्हत असलेले. सोळा वर्षांच्या मुलानें जावें कोठें? याच विचारानें लंडनच्या मिड्लसेक्स रुग्णालयांत १९९० सालीं केवळ या वयाच्या रोग्यांसाठीं एक कक्ष उघडण्यांत आला. आपल्याकडे १९५१ सालीं स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयानें, बालपणीं कर्करोगांतून बऱ्या झालेल्या तरुणांनीं २००९ सालीं 'उगम' नांवाचा गट सुरू केला. असा एक बरा झालेला तरुण आमच्या भाचीस भेटला होता. तो दहा मिनिटेंच बसला; त्यांतलीं पांच मिनिटें आपले केस पुन्हां उगवले ते कुरळे कसे आले हें सांगण्यांत गेलीं. आमच्या सात महिन्यांच्या व्याख्यानांनीं जें साधलें नव्हतें तें त्या कुरळ्या केसांनीं साधलें.

येथें साताऱ्याच्या माणसास भाऊराव पाटलांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. कर्मवीरांनीं १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र ठेवलीं. मुलगा जितका पुस्तकांनीं घडतो तितकाच बरोबरीच्या मुलांत राहून घडतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. आजारानें तरुणापासून पहिली हिरावली जाते ती ही बरोबरी. आमच्याकडे भेटीस येणारीं वडील माणसें कोणी अंगारा आणीत, कोणी पत्रिका मागत, आणि एका मावशींनीं तर "पुढें हिच्या लग्नाचें कसें व्हायचें?" असा प्रश्न दारांतूनच, पुरेशा मोठ्यानें, विचारला. याउलट सांगलीहून भाचीची वर्गमैत्रीण आली ती येतांना भडंगाची पुडी घेऊन आली. तोंडावर पट्टी, हात धुतलेले, सर्व नियम पाळून. पण भाचीस भडंग वर्ज्य आहे असें कळतांच तिनें व्हरांड्यांत जाऊन सारी पुडी स्वतः फस्त केली, आणि खिडकींतून "आज लसूण जास्त पडलाय" वगैरे वर्णन ऐकवीत राहिली. मग दोघींचें कॉलेजांतल्या कुठल्याशा प्रकरणावरून कडाक्याचें भांडण झालें. आमची बहीण मध्यें पडूं लागली तेव्हां आम्हीं तिला थांबविलें. कित्येक महिन्यांत आमच्या मुलीशीं कोणी भांडलें नव्हतें. जिच्याशीं कोणी भांडत नाहीं तिला, आपण आतां जगांत जमेस धरलों जात नाहीं, असें वाटलें तर त्यांत नवल काय?

हें सर्व करण्यास मोठ्या संस्थाच लागतात असें नाहीं. साताऱ्यांतील 'परिवर्तन' ही संस्था सामान्य माणसांस मानसमित्र म्हणून तयार करते. जखमेस जसा घरगुती प्रथमोपचार, तसा मनासही असतो, ही त्यामागची कल्पना. तिच्याविषयीं प्रथम ऐकलें तेव्हां, सल्ला देण्यास शिकावें कशाला लागतें, असें म्हणून आम्ही हंसलों होतों. आतां हंसत नाहीं. ऐकून घेणें, मध्यें न बोलणें, खोटें आश्वासन न देणें, आणि जड वाटेल तेव्हां जाणत्या माणसाकडे पाठविणें, हें शिकावें लागतें. आम्हीं तें उतारवयांत, एका मुलीस पुष्कळ त्रास देऊन शिकलों. सातारा-सांगलीकडच्या ज्या शाळा-कॉलेजांतला एखादा विद्यार्थी असा उपचार घेत असेल, तेथल्या शिक्षकानें त्याचें नांव हजेरीपटावरून काढूं नये, वर्गानें आळीपाळीनें त्याच्याशीं रोज दोन शब्द बोलावे, आणि वह्या पोहोंचवाव्या, एवढें झालें तरी पुष्कळ होईल.

वाईकडच्या त्या मुलाच्या घरीं आम्ही नंतर जाऊन आलों. भाचीनें बरोबर येण्याचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावर तिला घेऊनच गेलों. त्याच्या आईनें तिच्या डोक्यावरून, नुकत्या उगवलेल्या केसांवरून, हात फिरविला. कोणीच कांहीं बोललें नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. आणि हें आमच्या आयुष्यांतलें पहिलेंच बरें सांत्वन असेल.

उपचार संपून आतां वर्ष उलटलें. भाची सांगलीस पुन्हां कॉलेजांत जाते. तपासणीसाठीं ठराविक महिन्यांनीं मुंबईस जावें लागतें, आणि तपासणीचा आठवडा जवळ आला कीं घरांत सर्वांचा आवाज खालीं येतो. मागच्या खेपेस त्याच आठवड्यांत आम्ही सांगलीस होतों. संध्याकाळीं तिच्याबरोबर आयर्विन पुलाकडे फिरावयास गेलों. पूल १९२९ सालचा, त्याखालून संथ जाणारी कृष्णा पाहत ती कठड्यास टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, परत आलें तर?"

तीस वर्षांची संवय. "कांहीं होत नाहीं" हे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले होते. ते आम्हीं गिळले. म्हणालों, "येणार नाहीं असें सांगतां येत नाहीं. दिवस जातील तसा संभव कमी होत जातो, असें डॉक्टर म्हणतात. आलें तर सर्वांच्या आधीं तुला सांगूं. आणि गाडींत बरोबर असूं."

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पस्तीस गुण."

"म्हणजे?"

"म्हणजे कांठावर पास. चला, आई वाट पाहत असेल."